वॉरक्राफ्ट ३ घरच्या पोरांना शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

मिरजकर

नमस्कार मंडळी,

मी मिरजेचा. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी भावंडं जमतात. माझी धाकटी बहीण बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, आणि विट्याहून मावशीची दोन मुलं येतात, एक दहावीतला, एक सातवीतला. या तिघांना मला वॉरक्राफ्ट ३ शिकवायचा आहे, म्हणजे बेस (तळ) बांधून, सैन्य उभं करून लढायचा कॉम्प्युटर गेम. मला तो मामाने शिकवला होता. त्यानंतर बरेच गेम खेळलो, पण घरात चौघं एकत्र बसून खेळावं असा याच्या तोडीचा दुसरा मिळाला नाही.

चार लॅपटॉप आहेत, चारींवर 'फ्रोझन थ्रोन'चं (याच गेमचा पुढचा भाग) एकच व्हर्जन आहे, लॅन (लॅपटॉप एकमेकांना जोडून खेळणं) चालतं. त्या बाजूने अडचण नाही. गणपतीत सगळे आले होते तेव्हा एकदा बसवून बघितलं. चार वंश, सोनं, लाकूड, अन्न, कोणता सैनिक कोणावर भारी, सगळं समजावून सांगितलं. धाकटा थोड्या वेळात मोबाइलकडे वळला. दहावीवाल्याने बेसभोवती टॉवर उभे केले आणि शेवटपर्यंत आतच बसला. बहीण म्हणाली, "एका वेळी इतक्या ठिकाणी बघायचं कसं?" तिचा प्रश्न मला रास्त वाटला.

दोन्ही पोरं मोबाइलवर पाच विरुद्ध पाच असे हीरोंचे गेम खेळतात, म्हणजे हात चपळ आहेत. बहिणीला गेमपेक्षा गोष्टींची आवड.

तर विचारायचं हे: आधी कॅम्पेन (एकट्याने खेळायची गोष्ट) खेळायला लावू की थेट लॅनवर? वंश कोणता देऊ? आणि मी त्यांच्या विरुद्ध खेळावं की त्यांच्या बाजूने?

---

विश्रामबाग_लॅन

भावा, असा प्रश्न कुणीतरी अजून विचारतंय हे बघून फार बरं वाटलं. सविस्तर लिहितो.

२००४ च्या सुमारास सांगलीत विश्रामबागेला माझा सायबर कॅफे होता. संध्याकाळी वालचंद कॉलेजची पोरं यायची. दारावर लोडशेडिंगचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं आणि त्या हिशेबाने मॅचच्या वेळा ठरायच्या. तिथं मी हा गेम पुष्कळ जणांना शिकवला, पुष्कळ जणांना शिकवताना बघितलं. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली, तीच आधी सांगतो. नवख्याच्या हातातला माऊस घ्यायचा नाही. 'सरक, मी दाखवतो' म्हणणारा मित्र शेजारी असला की तो नवखा परत येत नसे. आणि शेजारचा गप्प बसून "आता काय करशील?" एवढंच विचारत असेल, तर पोरगं दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्या सुटल्या दारात हजर. हरला तरी चालतं. पण तो डाव त्याचा स्वतःचा असावा लागतो.

तू चार वंश आणि कोण कोणावर भारी हे पहिल्याच बैठकीत सांगितलंस. ते खरं आहे, पण त्यांना त्याची गरज पडायला अजून वेळ आहे. पिअर्स प्रकारचा मार लाइट चिलखतावर दुप्पट, मॅजिक प्रकारचा हेवीवर दुप्पट, नॉर्मल प्रकारचा मिडियमवर दीडपट, हे कोष्टक ज्याचं सैन्य एकदा कापलं गेलंय आणि ज्याला 'असं का झालं?' हा प्रश्न पडलाय त्यालाच लक्षात राहतं. पोरांनी विचारल्याशिवाय तो विषय काढू नकोस.

पहिल्या बैठकीत फक्त पैशाचा हिशेब. मी ह्यूमन वंशावर शिकवायचो, कारण तिथं आकडे सुंदर जुळतात. सुरुवातीला हातात ५०० सोनं आणि १५० लाकूड. अल्टार (इथून हीरो, म्हणजे सैन्याचा सरदार, मिळतो) १८० सोनं ५० लाकूड, बराक (इथं सैनिक तयार होतात) १६० सोनं ६० लाकूड, फार्म (हा अन्न वाढवतो) ८० सोनं २० लाकूड, आणि एक मजूर ७५ सोनं. बेरीज करायला पोरांनाच सांग, कागदावर. सोनं ४९५ होतं, लाकूड १३०. म्हणजे पाच सोनं आणि वीस लाकूड उरलं. हे बघितल्यावर त्यांना आपोआप कळतं की इथं वाया घालवायला काही दिलेलं नाही, आणि पुढचं सगळं मजूर किती लवकर कामाला लागतात त्यावर आहे.

मग खाण. सोन्याच्या खाणीवर पाच मजूर, सहावा नको. खाणीत एका वेळी एकच जण शिरतो, त्यामुळे साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टर थांबतात तसा सहावा बाहेर ताटकळतो. हे तू तोंडाने सांगू नकोस. त्यांना सहावा पाठवू दे, आणि त्याच्याकडे बघत बस म्हण. धाकट्याच्यासुद्धा लक्षात येईल. त्यानंतर आलेले मजूर लाकडाला.

अन्नाचं पण असंच. टाउन हॉल १२ जणांचं अन्न देतो. पाच मजूर आधीच आहेत, हीरो एकटा ५ खातो. मग फार्म आधी का लागतो हे सांगावं लागत नाही.

नवख्यांची एक सवय सगळीकडे सारखी दिसते, ती म्हणजे सोनं साठवणं. वरच्या कोपऱ्यात हजार सोनं दिसलं की त्यांना आपण जिंकतोय असं वाटतं. घरात पैसे जपून वापरायला शिकलेली पोरं ही, त्यांचा दोष नाही. पण या गेममध्ये पडून राहिलेलं सोनं लढत नाही. उलट दुसऱ्या टोकाचे एकदम पाच मजूर रांगेत लावून ठेवतात, आणि रांगेत लावताक्षणी पाचांचंही सोनं कापलं जातं. म्हणून एक तयार होतोय, एक रांगेत, इतकंच.

आणि मग अपकीप, म्हणजे सैन्य पोसायचा खर्च, जी मला या गेमची सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. सैन्य आणि मजूर मिळून अन्न ५० पर्यंत असेल तर मजुराच्या प्रत्येक खेपेला १० सोनं मिळतं. ५१ ते ८० असेल तर ७. त्याच्यावर १०० पर्यंत फक्त ४. म्हणजे मोठं सैन्य घरी बसवून ठेवलं की ते रोज खजिना खातं. तुझा टॉवरवाला दहावीतला आहे ना, त्याला हा आकडा जरूर दाखव. ५० वर थांबायचं, लढायचं, माणसं वाचवायची, हीरो वाढवायचा, आणि पन्नाशी ओलांडायची ती डाव मिटवायला निघतानाच. हा विचार ज्याला एकदा समजला त्याला गेम समजला असं मी मानतो. नुसत्या वेगाने क्लिक करणारे माझ्याकडे खूप यायचे, पण मॅच जिंकायचे ते पन्नासवर शांत राहणारे.

आता हीरो. इथं तुझ्या पोरांचा मोबाइल कामाला येतो. ते जे पाच विरुद्ध पाच खेळतात, त्या प्रकाराचं मूळ याच गेमच्या वर्ल्ड एडिटरमध्ये (नकाशे बनवायचं साधन) आहे. २००३ साली त्यात डोटा नावाचा नकाशा बनला, तो आमच्या कॅफेतही इतका चालायचा की काही पोरांना मूळ गेम वेगळा आहे हेच ठाऊक नव्हतं. डोटा २ हा पुढे २०१३ ला वेगळा गेम म्हणून आला. तेव्हा लेव्हल, मॅना (विद्या वापरायची शक्ती), सहाव्या लेव्हलची मोठी विद्या, सहा वस्तूंची जागा, हे सगळं पोरांना आधीच येतं. त्यांना सरळ सांग: तुमचा तोच हीरो आहे, फक्त इथं त्याच्या मागे तुम्हीच उभं केलेलं सैन्य आहे. पहिल्या हीरोला सोनं-लाकूड लागत नाही, त्यामुळे अल्टार झाला की लगेच घ्यायचा आणि घेतला की बेसबाहेर काढायचा. नकाशावर हिरवे, केशरी, लाल ठिपके दिसतात ते क्रीप्सचे, म्हणजे कोणाच्याच बाजूने नसलेल्या प्राण्या-राक्षसांचे, तळ. आधी हिरवे. रात्री क्रीप्स झोपतात, त्यांच्या जवळून निघून जाता येतं, हे कळल्यावर लहान मुलं फार खूश होतात. क्रीप्स मारून हीरो पाचव्या लेव्हलपर्यंतच जातो, पुढं खऱ्या लढाईतच. म्हणजे गेमच त्यांना घराबाहेर ढकलतो.

हीरो आर्चमेज (जादूगार) दे. त्याचा वॉटर एलिमेंटल (पाण्याचा राक्षस) १२५ मॅनाला येतो, मिनिटभर टिकतो आणि मार स्वतःच्या अंगावर घेतो. नवख्याची माणसं वाचतात.

धाकट्याला मात्र मी ऑर्क देईन. ह्यूमनचा साधा सैनिक फूटमन, त्याची तब्येत ४२०; ऑर्कचा ग्रंट, त्याची ७००. ग्रंटला सोनं जास्त लागतं, २०० विरुद्ध १३५, पण तो सावकाश मरतो, आणि सातवीच्या मुलाला विचार करायला तेवढा वेळ मिळाला पाहिजे. अनडेड आणि नाइट एल्फ आत्ता नकोत. एकाचं बहुतेक बांधकाम ब्लाइट (सडका थर) पसरलेल्या जमिनीवरच होतं, दुसऱ्याचा विस्प (मजूर) स्वतःच झाडाची इमारत होऊन बसतो. सुंदर आहेत दोन्ही, पण आधी नेहमीचं घर बांधता आलं पाहिजे.

तुझा शेवटचा प्रश्न: पहिल्यांदा त्यांच्या बाजूनेच बस. लॅनवर गेम तयार करताना अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'फुल शेअर्ड युनिट कंट्रोल' आहे, ते चालू कर. सगळे एका संघात, समोर 'ईझी' कॉम्प्युटर. मग बहिणीचा बेस तू सांभाळ आणि ती फक्त हीरो घेऊन फिरू दे. 'इतक्या ठिकाणी बघायचं कसं' याचं उत्तर हेच, की सुरुवातीला एकाच ठिकाणी बघायचं. पुढच्या मॅचला मजूर तिच्याकडे, मग बराक, आणि तुझा हात हळूहळू मागे. तिने मागितल्याशिवाय तिच्या युनिटला हात लावायचा नाही, इथंही माऊसचाच नियम.

विरुद्ध खेळायची वेळ येईल तेव्हा लॉबीत (मॅच सुरू व्हायच्या आधीचा पडदा) तुझ्या नावापुढे हँडिकॅपचा रकाना आहे. तो ५० किंवा ६० टक्क्यांवर आण. तुझ्या सगळ्या माणसांची तब्येत तेवढ्याच टक्क्यांवर येते. तू मनापासून खेळायचं, मुद्दाम हरायचं नाही. मुलांना ते लगेच कळतं आणि त्यांना राग येतो.

बटणं चारच सांग: ए दाबून क्लिक म्हणजे वाटेत भेटेल त्याच्याशी लढत जा, एफ-१ ला हीरो, एफ-८ ला रिकामा बसलेला मजूर, ऑल्ट धरलं की सगळ्यांच्या तब्येतीच्या पट्ट्या. बाकीची बटणं आपोआप येतात.

---

अजिंक्यतारा_खाली

विश्रामबाग दादांनी लॅनचं सगळं लिहिलं आहे. मी तुमच्या बहिणीसाठी लिहिते, कारण मी या गेममध्ये गोष्टीच्या दारातून आले. मी साताऱ्याची, शाहूपुरीत राहते. मोठा भाऊ घरी खेळायचा आणि मी मागे बसून बघायची. मला लढाईचं काही नव्हतं, अर्थसचं पुढं काय होणार एवढंच हवं होतं.

तिला 'रेन ऑफ केऑस'च्या कॅम्पेनपासून सुरू करू द्या, २००२ चा मूळ भाग. आधी थ्रॉल या ऑर्क सरदाराचा प्रोलॉग आहे, छोटासा, त्यात चालणं, लढणं, बांधणं हे एकेक करत शिकवलं जातं. मग ह्यूमन कॅम्पेन. लॉर्डेरॉनचा राजपुत्र अर्थस, चांगला मुलगा, प्रजेवर जीव असलेला. गावागावांत साथ पसरते, ती धान्यातून आलेली असते आणि खाणारे मरून अनडेड (चालती प्रेतं) होतात. स्ट्रॅथहोममध्ये तो ठरवतो की साथ लागलेल्या नगरातली माणसं अनडेड व्हायच्या आत आपणच मारायची. त्याचा गुरू उथर नकार देऊन निघून जातो, त्याची मैत्रीण जेना पण जाते. आणि ते काम गेम तुमच्याच हातून करून घेतो. मी त्या मिशनमध्ये बराच वेळ माऊस हलवला नव्हता. इतकी वर्षं झाली तरी अर्थस चूक की बरोबर यावर माझं आणि भावाचं एकमत नाही, आणि तो विषय निघाला की आम्ही अजून तितक्याच तावातावाने बोलतो. गोष्ट आवडणाऱ्या मुलीला हे नक्की भिडेल.

दोन गोष्टी सांभाळा. सातवीतल्या मुलाला ते मिशन एकट्याने खेळू देऊ नका, शेजारी बसा आणि नंतर त्याच्याशी बोला. आणि त्याच्या थोडं आधी 'मार्च ऑफ द स्कर्ज' हे मिशन येतं, हार्थग्लेन गाव ३० मिनिटं राखायचं असतं. नवीन लोक तिथं अडकतात. हरल्यावर पडद्यावर अवघडपणा कमी करण्याचं बटण येतं, ते दाबायला तिने कमीपणा मानू नये. कॅम्पेनचा वेगही ऑप्शन्समधून कमी करता येतो.

सबटायटल चालू ठेवा. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, उच्चार पहिल्यांदा पकडता यायचे नाहीत. भाऊ प्रसंग संपला की थांबवून मराठीत सांगायचा, आणि मला वाटतं मला हा गेम आवडला त्यात त्याच्या सांगण्याचा मोठा वाटा आहे. तेवढं तुम्ही नक्की करा.

धाकट्यासाठी एक: एकाच युनिटवर पुन्हा पुन्हा क्लिक करायला सांगा. तो वैतागून काहीबाही बोलायला लागतो. प्रत्येकाचं बोलणं वेगळं आहे. आमच्या घरची लहान मुलं सगळ्या युनिटची बोलणी शोधत बसायची आणि त्या नादात कोण काय करतो हे शिकून गेली.

---

मिरजकर

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. ४९५ ची बेरीज मी इतकी वर्षं खेळून कधी केली नव्हती, आत्ता वहीत मांडून बघितली आणि खरंच बरोबर बसते. हँडिकॅपचा रकाना रोज समोर दिसायचा, त्याचा असा उपयोग सुचला नव्हता. बहिणीला ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती दिवाळीची वाट बघायला तयार नाही, आज रात्रीच प्रोलॉग लावायचा म्हणते.

एक राहिलं. टॉवरवाल्याचं काय करू? त्याला अपकीप दाखवेनच, पण तो स्वभावानेच राखणारा आहे. क्रिकेटमध्येही त्याला यष्टीरक्षकच व्हायचं असतं. त्याला बाहेर काढायचं कसं?

---

विश्रामबाग_लॅन

त्याला बाहेर काढू नकोस, त्याच्या आवडीतूनच आत ने. याच गेमच्या वर्ल्ड एडिटरवर लोकांनी टॉवर डिफेन्सचे पुष्कळ नकाशे बनवले आहेत, ज्यात शत्रू ओळीने येतात आणि नुसते टॉवर बांधून अडवायचे. असा एक नकाशा चौघं मिळून खेळा. तिथं तो तुम्हा सगळ्यांचा म्होरक्या होईल. कुठला टॉवर कुठं, सोनं कधी खर्चायचं, हा हिशेब तो तुझ्यापेक्षा चांगला करेल आणि भावंडांनी ते बघितलं की त्याचा आत्मविश्वास वाढेल.

मग नेहमीच्या मॅचमध्ये त्याला एकच काम दे: दुसरी खाण. आपल्या घरची खाण कधीतरी संपते, दुसरी ताब्यात घ्यावीच लागते. तिथला तळ त्याने बांधायचा, तिथं टॉवरही त्यानेच लावायचे. राखायला तर त्याला आवडतंच, राखायची जागा तेवढी पुढं सरकली. आणि ह्यूमनचे मजूर एकच इमारत दोघं-तिघं मिळून लवकर बांधू शकतात, थोडं सोनं-लाकूड जास्त जातं. हे त्याला सांग, असली गोष्ट त्याला नक्की आवडेल. 'कॉल टू आर्म्स' दाबलं की मजूरच हत्यार घेऊन मिलिशिया होतात, तेही.

त्याच्या टॉवरांना उत्तर काय हे मात्र त्याला एकदा बघू दे. गार्ड टॉवरचा पल्ला ७००, मॉर्टर टीमचा (तोफवाले सैनिक) ११५०. लांब उभं राहून मॉर्टर टॉवर पाडतं आणि टॉवरला काहीच करता येत नाही. हे तू हँडिकॅप लावून खेळशील त्या मॅचमध्ये करून दाखव. मग मॉर्टर पाडायला बाहेर कोण जाणार, हा प्रश्न त्याच्या त्यालाच पडेल.

प्रत्येक मॅच संपली की रिप्ले (मॅचचं रेकॉर्डिंग) लगेच नाव देऊन सेव्ह करत जा, नाहीतर पुढच्या मॅचचा त्याच्यावर बसतो. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो बघायचा. वेग वाढवता येतो, समोरच्याच्या बाजूनेही बघता येतो, आणि कोणाचे मजूर किती वेळ रिकामे उभे होते ते ज्याचं त्याला दिसतं, कोणी बोट दाखवावं लागत नाही. दहावीवाल्याने दुसरी खाण राखली त्या मॅचचा रिप्ले इथं टाक. मी आणि माझे दोघं जुने मित्र बघून सविस्तर लिहू.